‘घरी न्या, सेवा करा’ : पण कशी, ते कोण शिकवणार?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा पंचायत
मा. जिल्हा आरोग्याधिकारी
आणि जिल्ह्यातले सर्व आमदार-खासदार

सप्रेम नमस्कार.

झटका येऊन एक बाजू गेलेली, खुब्याचं हाड मोडलेली किंवा वयामुळं पार थकलेली माणसं दवाखान्यातून सुटतात, तेव्हा नातेवाइकांना एक वाक्य ऐकायला मिळतं. “आता इथं ठेवून काही होणार नाही, घरी न्या, सेवा करा.” दवाखाना सरकारी असो नाहीतर खासगी, वाक्य तेच असतं. त्या दिवसापर्यंत तीन पाळ्यांत नर्स, आया, वॉर्डबॉय मिळून जे करत होते, ते दुसऱ्या दिवसापासून सोप्यातल्या कॉटशेजारी एकटी बाई करायला लागते. बहुतेक घरांत ती सून असते, काही घरांत लेक, कुठं सत्तरीची बायको. हातात तिला मिळतं एक डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची पिशवी. शिकवलेलं काहीच नसतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागांत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची घरी देखभाल करणाऱ्या आणि त्या घरांतून रोज वावरणाऱ्या लोकांनी मिळून हे पत्र लिहिलंय. आम्ही कुणावर आरोप करत नाही. सेवेला कुणी नाही म्हणत नाही, आमच्या गावांत अजून तरी म्हाताऱ्यांना टाकून द्यायची रीत नाही. पण सेवा हे कसबाचं काम आहे, आणि न शिकवता ते अंगावर टाकलं की म्हातारं माणूसही हाल भोगतं आणि करणारी बाईही.

काय बिघडतं आणि का, ते आधी नीट सांगतो, कारण हे कार्यालयात बसून दिसत नाही.

सगळ्यात जास्त घात करतात त्या पाठीच्या जखमा. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याला दर दोन तासांनी वळवावं लागतं. म्हणजे दिवसाला १२ वेळा, आणि त्यातलं रात्री १२ ला, २ ला आणि पहाटे ४ ला. पूर्ण कुशीवर टाकलं की सगळा भार खुब्यावर येतो, म्हणून पाठीमागं उशी देऊन ३० अंशांवर, अर्धवट कलतं ठेवायचं असतं. पोटऱ्यांखाली उशी अशी द्यायची की टाचा अधांतरी राहतील. माकडहाड, टाच, खुबा, घोटा या जागा रोज बघायच्या. लाल झालेल्या जागी बोट दाबून काढल्यावर ती क्षणभर पांढरी न होता लालच राहिली, तर जखम आत सुरू झाली असं समजायचं. सावळ्या अंगावर ही लाली दिसत नाही, तिथं हात लावून ती जागा गरम किंवा कडक लागते का, ते पाहावं लागतं. हे सांगायला दहा मिनिटं पुरतात. ते कुणी सांगत नाही, म्हणून घरोघरी चांगल्या मनानं उलटं केलं जातं. लाल जागेवर तेल लावून रगडतात, त्यानं आतलं मांस आणखी फाटतं. फडक्याची चुंबळ करून माकडहाडाखाली किंवा टाचेखाली ठेवतात, तिच्या कडेनं रक्तपुरवठा तुटतो आणि मधला भाग मरतो. जखम उघडली की हळद किंवा पावडर भरतात, तिचा थर बसतो आणि खाली पू धरतो. रुपयाएवढ्या डागाचा पंधरा दिवसांत मूठ जाईल एवढा खड्डा होतो, मग ताप, मग पुन्हा दवाखाना.

हवेच्या गादीचंही तसंच. घरचे लोक उसनेपासने करून ती आणतात. दुकानदार पंप जोडून देतो आणि जातो. पंपावरचा काटा माणसाच्या वजनाप्रमाणं फिरवायचा असतो, गादीवर फक्त एक पातळ चादर टाकायची असते. आपल्याकडं वरून वाकळ अंथरतात, तिच्यावर रबराचा कपडा, आणि गादीचा उपयोग संपतो. गादीखाली कमरेच्या जागी तळहात सरकवून पाहावा. माणसाचं हाड आणि हात यांच्यामध्ये इंचभर हवा लागली पाहिजे. लाइट गेली की पंप थांबतो आणि हवा हळूहळू उतरते. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं, पावसाळ्यात लाइट किती वेळ जाते ते आपल्याला सांगायला नको. तेवढा वेळ पुन्हा हातानं वळवणं आलंच.

दुसरी गोष्ट लघवीच्या नळीची. १४ किंवा १६ नंबरची नळी आत घालून तिच्या टोकाचा फुगा साधारण १० मिली पाण्यानं फुगवलेला असतो. साधी नळी चार आठवड्यांच्या आत बदलावी लागते, पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते. कोणती बसवलीय आणि कधी बदलायची, हे कार्डावर लिहिलेलं बहुतेक वेळा नसतं. पिशवी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता लटकावी आणि दोनतृतीयांश भरली की रिकामी करावी. माणसाला वळवताना ती अंगावर ठेवली तर साचलेली लघवी माघारी जाते. नळीच्या बाजूनं गळायला लागलं तर नळी तुंबलीय का, पिळवटलीय का, शौच तटलंय का, हे आधी बघायचं. जाड नळी घालणं हा त्याचा उपाय नव्हे. भ्रमातल्या माणसानं फुग्यासकट नळी ओढून काढली की आतून रक्त येतं, आणि अशा वेळी रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा, हे त्या घरात कुणालाच माहीत नसतं. नळी बदलायला पंधरा मिनिटं लागतात. त्या पंधरा मिनिटांसाठी आज आडवं पडलेलं माणूस चौघांनी उचलून भाड्याच्या गाडीत घालावं लागतं, एका माणसाचा रोज बुडतो आणि सबंध दिवस जातो. १०८ ची गाडी तातडीच्या रुग्णांसाठी असते, या फेरीला ती मागणंही बरोबर नाही.

नाकातल्या नळीनं भरवणं हे त्याहून जोखमीचं. डोकं आणि पाठ ३० ते ४५ अंश उंच पाहिजे, भरवून झाल्यावरही अर्धा ते एक तास तसंच ठेवायचं. एका वेळी २०० ते २५० मिली, तेही सिरिंजचा दट्ट्या न दाबता, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायचं, पंधरा-वीस मिनिटं. आधी आणि नंतर ३० मिली साधं पाणी. नाकाशी नळीवर जी खूण आहे ती रोज बघायची, खूण बाहेर सरकली असेल तर भरवायचं नाही. नाचण्याची आंबील चांगली, पण वस्त्रगाळ करून. गोळ्या आंबिलीत कालवून घालतात म्हणून नळी तुंबते. प्रत्येक गोळी वेगळी कुटून पाण्यात द्यावी, आणि ज्या गोळ्यांवर आतड्यातच विरघळणारं आवरण असतं त्या तर कुटायच्याच नाहीत, डॉक्टरांकडून बदलून घ्यायच्या. आडवं ठेवूनच भरवल्यामुळं अन्न फुप्फुसात जातं आणि आठवड्याभरात निमोनिया होतो. घरचे म्हणतात, “म्हातारपण, त्यांचं भरत आलं होतं.” तसं नसतं. उशीला दोन विटांचा आधार देऊन पाठ उंच केली असती तर ते टळलं असतं, आणि हे त्या सुनेला कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणखी दोन चुका आम्ही इतक्या घरांत पाहतो की त्या इथं लिहिल्याच पाहिजेत. आठ दिवस शौच न झालेल्या माणसाला एकाएकी पातळ व्हायला लागतं, घरचे जुलाब थांबायची गोळी देतात. खरं म्हणजे आत खडा तटलेला असतो आणि त्याच्या कडेनं पाणी गळत असतं, गोळीनं तो अधिकच घट्ट बसतो. दुसरं, काल नीट बोलणारी आजी आज भलतंच बरळायला लागली, तर ते वय नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं, नवी सुरू झालेली झोपेची गोळी, यांपैकी काहीतरी असतं आणि त्याच दिवशी दाखवलं तर बहुधा उतरतं. देवऋषीकडं दोन दिवस घालवले की वेळ गेलेली असते.

आता करणाऱ्या बाईचं. साठ किलोचं माणूस खाली वाकून काखेत हात घालून उचललं की तिची कंबर जाते, आणि लुळ्या हाताला धरून ओढलं की त्याचा खांदा निखळतो. कॉटच्या पायांखाली दगड-विटा देऊन कॉट आपल्या कमरेएवढी उंच करायची, माणसाच्या पाठीखाली खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी घडीची चादर कायम ठेवायची आणि दोघांनी दोन्हीकडून ती धरून सरकवायचं. खुर्चीत बसवताना खुर्ची चांगल्या बाजूला लावायची. हे एकदा हाताला धरून शिकवलं की आयुष्यभर येतं. न शिकल्यानं चाळिशीतल्या बायकांना कमरेचे पट्टे लागलेत. निपाणीत विड्या वळत वळत सासऱ्यांना भरवणारी बाई, वडगावात यंत्रमागाच्या खडखडाटात आईला सांभाळणारी लेक, उद्यमबागेतल्या दुसऱ्या पाळीवरून नवरा येईपर्यंत एकटी जागणारी सून, यांना आजारी पडायला सवड नाही. त्यांची झोप गेली कित्येक महिने सलग तीन तासांच्या वर नाही. घरात ओरडाआरडा होतो, कधी आजारी माणसावर हात उठतो आणि मग तीच बाई कोपऱ्यात रडते. तिला दोष देण्याआधी तिला आठ दिवस झोप मिळेल अशी सोय करावी, असं आमचं कळकळीचं म्हणणं आहे.

पैशाचा हिशेब लहान आहे. दिवसाला तीन डायपर म्हणजे महिन्याला ९०, एक ३५ रुपयांना धरला तरी ३,१५० रुपये. राज्य सरकारच्या संध्या सुरक्षा योजनेचं म्हाताऱ्यांचं निवृत्तिवेतन महिन्याला १,२०० रुपये, ते डायपरलाच अकरा दिवस पुरतं. कापडी लंगोट वापरा म्हणावं, तर आषाढ-श्रावणात आमच्याकडं धुणं चार-चार दिवस वाळत नाही. ओल्या लंगोटानं मांड्या सोलतात. दिवसपाळीला माणूस ठेवावं तर रोजचे ६०० रुपये धरले तरी महिन्याचे १८ हजार. एवढी रक्कम किती घरांना पेलेल, ते आपणच सांगा.

सरकारनं काहीच केलेलं नाही, असं आम्ही म्हणत नाही. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांचा दवाखाना, सामुदायिक केंद्रात आठवड्यातून दोनदा, जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा वेगळा कक्ष आणि उपकेंद्रातून घरभेटी, एवढं सगळं लिहिलेलं आहे. कोणत्या केंद्रात कोणता वार, आणि घरभेटीला कोण येणार, हे गावातल्या माणसाला कळेल असं जाहीर व्हायला हवं. सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना पाच लाखांपर्यंतचं आयुष्मान कवच देण्याची योजना केंद्रानं २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू केली. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ८६५ सीमावर्ती गावांना आपली जनआरोग्य योजना लागू केली, त्यावरून दोन राज्यांत केवढा वाद झाला. सीमाप्रश्नावर आमची मतं आहेत, ती या पत्राचा विषय नाहीत. इथं एवढंच नोंदवतो की या दोन्ही कवचाच्या योजना दवाखान्यात भरती झाल्यावरच्या खर्चाच्या आहेत. कॉटवरच्या माणसाला भरती व्हावं लागू नये, यासाठी घरात जे लागतं, त्याला त्यांतली एकही पैसा देत नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचंही तेच. न्यायाधिकरणापुढं अर्ज केला तर मुलांना महिन्याला १० हजारांपर्यंत पोटगी द्यायला लावता येते. गरजू आईबापांसाठी तो आधार आहे, तो राहिलाच पाहिजे. पण त्या कायद्यातल्या ‘अपत्या’च्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत, सून नाही. म्हणजे प्रत्यक्ष जी करते, तिचं नाव कायद्यात कुठंच येत नाही. पुण्यात किंवा गोव्यात असलेल्या दोन भावांनी पैसे पाठवले तरी रात्री दोनला उठणं कुणी वाटून घेत नाही.

भाषेचं एक सांगायलाच हवं. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं आणि फलक कन्नडमध्ये. सांभाळणारी बाई मराठी शाळेत सातवी झालेली असते. ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना, ‘एसओएस’ म्हणजे गरज लागली तरच, हे तिला कसं कळावं? रक्तदाबाचं एकच औषध दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावानं लिहिलं की ती दोन्ही देते, मग म्हातारा न्हाणीत चक्कर येऊन पडतो. ज्या भागात १५ टक्क्यांहून जास्त लोक एखादी अल्पसंख्य भाषा बोलतात, तिथं महत्त्वाची सरकारी माहिती त्या भाषेत द्यावी, हे तर केंद्र सरकारनं मान्य केलेलं जुनं तत्त्व आहे. आम्ही कन्नड काढा म्हणत नाही. कन्नड, मराठी आणि उर्दू तिन्हीत एकेक पान छापा, एवढंच म्हणतो.

आमच्या मागण्या साध्या आहेत आणि यांतल्या बऱ्याचशांना नवा कायदा लागत नाही.

अंथरुणाला खिळलेला रुग्ण सोडण्याआधी, घरी जी व्यक्ती करणार आहे तिला वॉर्डातच दोन दिवस नर्सच्या हाताखाली प्रत्यक्ष करायला लावा. वळवणं, नळीनं भरवणं, पिशवी रिकामी करणं, चादरीनं सरकवणं. तिनं करून दाखवल्यावरच कार्डावर सही व्हावी. कार्डासोबत तिच्या भाषेत एक पान असावं : नळीचा नंबर, बदलायची तारीख, औषध सकाळ-दुपार-रात्र अशा चित्रांसह, आणि काय दिसलं तर लगेच आणायचं. त्याच पानावर रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, पण तुंबलेल्या नळीचं सांगायला तालुक्यातली नर्स लागते.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रानं आपल्या हद्दीतल्या अंथरुणावरच्या माणसांची यादी करावी. आशाताईंना ती घरं तोंडपाठ आहेत, पण या कामाचा वेगळा मोबदला त्यांना द्यावा, फुकट जुंपू नये. यादीतल्या प्रत्येक घरी पंधरा दिवसांतून एकदा नर्स यावी आणि नळ्या घरीच बदलल्या जाव्यात. अशक्य म्हणू नका. २०२३ च्या विधानसभेला ८० वर्षांवरच्या मतदारांचं मत घ्यायला पथकं घरी आली होती, २०२४ च्या लोकसभेला ८५ वर्षांवरच्यांकडं आली. केरळनं २००८ मध्ये धोरण करून ग्रामपंचायतींमार्फत घरोघरी नर्स पाठवायची पद्धत बसवली, तीही आपल्यासारखीच गावं आहेत.

केंद्रातच उसन्या साहित्याची खोली करा. हवेच्या चार गाद्या, दोन चाकाच्या खुर्च्या, कमोडच्या खुर्च्या, पाठटेकू, वॉकर. अनामत घेऊन द्या. माणूस गेल्यावर कितीतरी घरांत हे सामान माळ्यावर धूळ खात पडतं, तेही लोक आनंदानं आणून देतील.

करणाऱ्या बाईला सुटी द्या. वर्षातून दोनदा सात-सात दिवस आजारी माणसाला तालुका रुग्णालयात ठेवून घ्या. ज्यांना बसता येतं अशांसाठी ग्रामपंचायतीत आठवड्यातून दोन दिवस दिवसभराची सोय करा. कामावर जाणाऱ्या बायकांच्या लेकरांसाठी ‘कूसिन मने’ पाळणाघरं याच राज्यानं ग्रामपंचायतींतून सुरू केली, त्याच वाटेनं हेही होईल.

आणि पेन्शनसाठी अंगठा घ्यायला म्हाताऱ्याला रिक्षात घालून नाडकचेरीत (महसूल कार्यालयात) किंवा बँकेत बोलावणं थांबवा. सत्तरीवरच्यांना आणि आजाऱ्यांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. रेशन कार्डावर घरची मोठी म्हणून सासूचं नाव असतं, त्यामुळं राज्य सरकार घरच्या कर्त्या बाईला महिन्याला देतं ते गृहलक्ष्मीचे २,००० रुपयेही त्या अंथरुणावरच्या सासूच्याच खात्यात येतात आणि खातं अडलं की तेही अडकतात. तलाठी आणि पोस्टमन घरी गेले तर हे एका चकरेत होतं.

जुलैत भाताची रोप लागवड सुरू होते. त्या पंधरा-वीस दिवसांत खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत घरटी प्रत्येक बाई चिखलात असते, आणि सोप्यातल्या कॉटवरचं माणूस सकाळी आठपासून दुपारपर्यंत एकाच कुशीवर पडून राहतं. वर्षातल्या सर्वांत वाईट जखमा आम्हाला त्याच दिवसांत दिसतात. म्हणून केंद्रवार यादी आणि पहिली घरभेट यंदाच्या लागवडीच्या आत व्हावी, आणि भेटीचा वार व नर्सचा फोन नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत आणि कन्नडमध्ये रंगवला जावा. यादी करायला माणसं कमी पडली तर आम्ही येतो, घरं दाखवतो.

आपले,
घरी म्हाताऱ्या माणसांची सेवा करणारे आणि त्यांच्या सोबतीला जाणारे
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी